झेल्दाची सोडचिठ्ठी

गाडी पुन्हा रुतली तेव्हा म्हातारे लेखनिक रेब नोखेम खाली उतरायला तयार होईनात.

"सव्वीस दिवसांत चौदा वेळा उतरलो," ते म्हणाले. "आता मेलो तरी इथंच. मला घेऊनच ढकला."

गाडीवान तातार होता. त्याला त्यांची भाषा कळत नव्हती, पण म्हातारा हलणार नाही एवढं कळलं. तो घोड्याच्या तोंडाशी गेला आणि झेल्दा मुकाट्याने उतरली. परकराचा घोळ कमरेला खोचून तिने चाकाला खांदा दिला. चिखल घोट्याच्या वर आला. गाडी हलली, तशी ती मागून चालतच राहिली. वर चढायचं म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा उतरणं आलंच.

झेल्दा सदतीस वर्षांची होती. ग्लुबोव्का गावातलं यहुदी बायकांचं न्हाणघर तिच्याकडे होतं. पाळी सरली की बायका तिथल्या कुंडात बुडी मारायला येत. केसाचं टोकसुद्धा पाण्यावर राहत नाही ना, हे काठावर उभं राहून बघायचं आणि "शुद्ध" म्हणायचं, हे तिचं काम. बुडी मारून त्या आपापल्या नवऱ्याकडे जात. झेल्दा फरशी पुसून कुलूप लावी आणि सासूच्या खोलीवर जाई. सासू जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती. नवरा होता, पण तो कुठे आहे हे चोवीस वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी झारच्या फौजेला ग्लुबोव्कातून सात पोरं हवी होती. बाराच्या पुढची पोरं न्यायची, लष्करी शाळेत कोंबायची, अठराव्या वर्षी सैनिक करायचं आणि तिथून पुढे पंचवीस वर्षं राबवायचं, असा कायदा होता. कोणती पोरं द्यायची ते गावच्या यहुदी पंचांनी ठरवायचं. पंचांची स्वतःची मुलं कागदोपत्री कधी आजारी असत, कधी परगावी शिकायला गेलेली असत. राहिली कुणाची, ते सांगायला नको. त्या उन्हाळ्यात वावडी उठली की लग्न झालेल्याला नेत नाहीत. झालं, आठवड्याभरात गावात एकोणीस लग्नं लागली. वर धरायचं मांडवाचं कापड एकच होतं, ते या अंगणातून त्या अंगणात पळत होतं.

गावात फेगा नावाची विधवा होती. हंसांची पिसं काढून उशा भरायची. लांबच्या खेड्यातून ती चार वर्षांच्या पोराला घेऊन ग्लुबोव्कात आली होती. सांगायची की कलमन वर्षाचा होता तेव्हा नवरा पटकीच्या साथीत गेला. विधवेचा एकुलता एक मुलगा कायद्याने सुटायला हवा होता, पण कायदा कुणी कुणाला वाचून दाखवायचा? फेगाने झेल्दाच्या बापाशी बोलणं केलं. तो सरपणाच्या मोळ्या विकायचा, आणि घरात सहा मुली. विचार करायला त्याने अर्धा दिवसही घेतला नाही.

लग्नाआधी रब्बींनी, म्हणजे गावच्या धर्मगुरूंनी, रीतीप्रमाणे विचारलं, "मुलाला तेरा पूर्ण आहेत ना? तेराच्या आतल्या मुलाचं लग्न आपल्यात लग्न धरत नाहीत."

"चौदावं सरत आलंय," फेगा म्हणाली.

मुलाला विचारलं. तोही म्हणाला, "तेरा पूर्ण." झेल्दाला त्याच वसंतात तेरा झाली होती. लग्न लागलं, रीतीप्रमाणे तिची वेणी कापली, डोक्याला रुमाल बांधला, आणि ती फेगाच्या खोलीत राहायला गेली. नवराबायको एकमेकांशी फार बोललीही नाहीत. नवव्या दिवशी सकाळी पोरं धरायला ठेवलेली पंचांची माणसं पाठशाळेत शिरली. गावात त्यांना पकडे म्हणत. त्यांनी बाकावरून चार पोरं उचलली, त्यात कलमन होता. लग्न झालंय, हे त्याने सांगितलं. पकड्यांतला एक म्हणाला, "अरे वा, मग बायकोला आमचा नमस्कार सांग." फेगा त्या गाडीमागे तीन दिवस चालत गेली. परत आली तेव्हा पायात काही नव्हतं.

नवरा मेल्याचा साक्षीदार नाही, त्याच्या हातची सोडचिठ्ठी नाही. अशा बाईला दुसरं लग्न करता येत नाही. बापाने झेल्दाला परत नेलं नाही. फेगाने तिला पिसं काढायला शिकवलं. पुढे फेगाचे डोळे गेले, तेव्हा झेल्दा न्हाणघरात कामाला लागली.

तिला वीस झाली त्या वर्षी, अशा अडकलेल्या बायकांची प्रकरणं तपासायला बाहेरचा एक विद्वान रब्बी आला होता. त्याने फेगाला समोर बसवून विचारलं, "बाई, नीट आठव. महिना इकडे, महिना तिकडे? लग्नाच्या दिवशी तेरा पूर्ण नसतील तर ही पोर आत्ता, या खोलीतून मोकळी होऊन जाईल."

फेगा म्हणाली, "मी आई आहे. मला माहीत नसणार तर कुणाला?"

झेल्दा दाराशी उभी होती. तिला त्या क्षणी वाईट वाटलं, आणि सासूबद्दल आदरही वाटला. एवढंसं खोटं बोलली असती तर सून सुटली असती, पण देवाधर्माच्या गोष्टीत बाई खोटं बोलली नाही.

यंदा यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणात एक निवृत्त सैनिक गावात दोन रात्री मुक्कामाला राहिला. त्याने सांगितलं, व्होल्गेपलीकडे स्तारोलुग नावाचं छावणीचं गाव आहे, तिथे आगीवर नजर ठेवायच्या मनोऱ्यावर तिमोफेइ नावाचा पहारेकरी आहे. बाप्तिस्मा झालेला. दारू चढली की सांगतो, माझ्या गावच्या पाणचक्कीला दोन चाकं होती आणि माझी आई हंसांची पिसं काढायची. दोन चाकांची पाणचक्की आसपासच्या मुलखात एकच होती.

पोरं उचलायचा कायदा झारने रद्द केल्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. तरी यहुद्याला आपला प्रांत सोडून पलीकडे जायचं तर परवाना लागे. तो मिळेपर्यंत दोन महिने गेले. सोडचिठ्ठी लिहायची तर जाणता लेखनिक हवा, आणि नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने त्याला 'लिही' म्हणायला हवं. तरणे लेखनिक एवढ्या लांब यायला तयार नव्हते. रेब नोखेम तयार झाले, कारण त्यांची सून त्यांना घरात टिकू देत नव्हती, असं ते स्वतःच सांगत. शाई, बोरू आणि कागद एका पत्र्याच्या डब्यात घालून तो डबा ते झोपतानाही पोटाशी धरत. बाहेरचं काही खात नसत. सुकवलेला पाव, कांदा, खारवलेला मासा, आणि वर पोटदुखीची तक्रार.

"गावात बायका विचारत होत्या," एकदा ते गाडीत म्हणाले, "या वयात झेल्दाला सोडचिठ्ठी कशाला? कुणी ठरलाय का?"

"कुणी नाही."

"मग?"

"माहीत नाही, रेब नोखेम. पाय दुखतात तेव्हा माणूस जोडा काढतो. नवा जोडा घ्यायलाच काढतो असं नाही."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि कांदा सोलायला घेतला.

स्तारोलुगला ते मेंडेलकडे उतरले. मेंडेल फौजेतला जुना ढोलवाला. त्यालाही पोरवयात उचलून आणलेलं, पण चाबूक खाऊन तो यहुदीच राहिला होता. त्याच्या घराच्या मागच्या खोलीत दहा-बारा सैनिक शनिवारी प्रार्थनेला जमत. झेल्दा कशासाठी आली ते ऐकून तो मिशी चावायला लागला.

"तिमोफेइ रस्त्यात भेटला की मला तंबाखू देतो. मी घेतो. सतरा वर्षं झाली, आम्ही बोललेलो नाही," तो म्हणाला. "तो आता कागदोपत्री ख्रिस्ती आहे. आपल्या कसल्याही विधीला बसला आणि कुणी कळवलं, तर त्याला मठात कोंडतील आणि मला सैबेरियात धाडतील. तिथली हवा बरी आहे म्हणतात."

"मग नको का विचारू?"

"विचार ना. एवढी लांब काय ढोल ऐकायला आलीस?"

दुसऱ्या दिवशी झेल्दा मनोऱ्याखाली जाऊन उभी राहिली. मेंडेल सोबत होता, दुभाषा म्हणून, पण तो समोरच्या दुकानाच्या पायरीवर लांब बसला. वर, लाकडी कठड्यामागे, एक बुटका माणूस गोल फिरत होता. चार पावलं, थांबायचं, छपरांवरून नजर फिरवायची, पुन्हा चार पावलं. बदली पहारेकरी येईपर्यंत त्याला उतरता येत नव्हतं. झेल्दा दोन तास उभी होती. त्याने तिला दोनदा पाहिलं आणि तो फिरत राहिला. तिला वाटलं होतं, छातीत धडधडेल. तसं काही झालं नाही. पाय तेवढे अवघडले.

तो खाली आला तेव्हा दिसलं की डोक्यावर केस नाहीत आणि एक कान थंडीने गळून अर्धा राहिलाय. त्याने रशियनमध्ये विचारलं, "काय पाहिजे, बाई? तक्रार असेल तर चौकीवर."

"मी ग्लुबोव्काहून आले," झेल्दा आपल्या भाषेत म्हणाली. मेंडेल तोवर जवळ आला होता, पण उलगडून सांगायची गरज पडली नाही. गावाचं नाव ऐकूनच पहारेकरी मनोऱ्याच्या पायरीवर बसला.

"आई?" त्याने विचारलं. तो शब्द त्याला येत होता.

"अकरा वर्षं झाली."

त्याने टोपी काढली. मग काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि त्याने ती पुन्हा घातली. यहुदी माणूस दुःखात डोकं उघडं टाकत नाही. पुढचं तो रशियनमध्ये बोलला आणि मेंडेल सांगत गेला.

"तू कोण? तिची कुणी नातेवाईक?"

"मी तुमची बायको."

"माझी बायको घरी आहे."

"ती असेल. मी आधीची."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो. लग्न झालं होतं. मधाची वडी मिळाली होती मला, आख्खी. आणि एक मुलगी रडत होती."

"रडत नव्हते. केस कापले होते, म्हणून तोंड लपवून बसले होते."

झेल्दाने मग काय हवं ते सांगितलं. तुम्ही परत या असं नाही, तुमच्याकडून काही घ्यायचं नाही, फक्त एक कागद. धोका काय तो मेंडेलने सांगितला. तिमोफेइने खिशातून तंबाखू काढली, सवयीने मेंडेलपुढे धरली, मेंडेलने घेतली.

"तुला वाटत असेल, मी धर्म विकला," तो झेल्दाला म्हणाला.

"मी काही म्हटलं नाही."

"चौदा महिने काढले मी. मारत होते, ते चालत होतं. मग नुसते खारे मासे द्यायला लागले आणि पाणी बंद केलं. तिसऱ्या दिवशी मी हो म्हणालो. लोक म्हणतात धर्म सोडला. मला विचारशील तर मी पाणी प्यालो." त्याने तंबाखू बोटांत चोळली. "परवा दुपारनंतर माझा पहारा नसतो. येतो."

त्या दिवशी तो यायच्या आधी त्याची बायको आली. अगाफ्या नाव, धिप्पाड बाई, हाताला पीठ लागलेलं. दारातच उभी राहून तिने झेल्दाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"मला वाटलं होतं, तरुण असेल," ती मेंडेलला म्हणाली. "ही तर माझ्यासारखीच दमलेली आहे."

झेल्दाला समजलं तेव्हा ती थोडी हसली. अगाफ्या बाकावर बसली. "मला चार पोरं आहेत. त्याला नेणार नाहीस ना?"

"मला ते नकोत, बाई. ते तुमचे. मला माझी सुटका हवी."

"आणि पोलीस?"

अगाफ्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "तो दोन दिवस जेवलेला नाही," ती म्हणाली. "आईचं कळल्यापासून. करायचं ते लवकर करा. मी बाहेर कुंपणाशी उभी राहते. कुणी आलं तर खोकेन." आणि ती खरंच बाहेर जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून.

तिमोफेइ आला. साक्षीदार दोन हवेत, एक मेंडेल आणि दुसरा छावणीतला एक तुतारीवाला. रेब नोखेमनी टेबल पुसलं, डबा उघडला. कागद, शाई, बोरू त्यांनी आधी तिमोफेइच्या हातात दिले, कारण ते त्याच्या मालकीचे व्हायला हवेत. मग 'लिही' म्हणून त्याने ते परत दिले. पोटदुखी, सून, रस्ते, सगळं म्हातारा विसरला होता.

"नाव?"

"तिमोफेइ."

"ते लिहू. आधीचं नाव?"

"कलमन."

"बापाचं?"

तिमोफेइने झेल्दाकडे पाहिलं. झेल्दाच म्हणाली, "योसेफ."

"योसेफ," तो म्हणाला. "मी त्याला पाहिलेलं नाही."

"लहानच असाल तुम्ही," रेब नोखेम शाई ढवळत म्हणाले. "वर्षाचे होता, असं तुमची आई सांगे."

"वर्षाचा? नाही." तिमोफेइने मान हलवली. "मी झालोही नव्हतो. आई सांगायची, पटकीच्या उन्हाळ्यात तिने त्याला पुरलं आणि चाळीस दिवसांनी मी झालो. गाडीत नेलं तेव्हा मी मोजत होतो, किती दिवसांनी मला तेरा पूर्ण होतील. तेराव्या वाढदिवसापासून माणूस देवासमोर मोठा होतो ना. तो दिवस मला कझानच्या अलीकडे आला. पाऊस होता."

मेंडेलने हे सगळं सरळ सांगून टाकलं आणि मग, आपण काय सांगितलं ते कळून, तो थांबला. रेब नोखेमचा हात शाईवर थांबला.

"रब्बींनी विचारलं तेव्हा तुम्ही 'तेरा पूर्ण' म्हणालात," झेल्दा म्हणाली.

"आईने तसं म्हणायला सांगितलं होतं. पुढे फौजेच्या माणसाने विचारलं तेव्हा ती ओरडत होती, दहाच आहे, दहाच आहे. मला काय म्हणावं तेच कळेना."

झेल्दा पटकीच्या सालातल्या वसंतात जन्मली होती. ती मनात मोजायला लागली. उन्हाळा संपता संपता तो जन्मला. म्हणजे तो तिच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान होता. लग्न उन्हाळ्याच्या तोंडी झालं. कमी पडले ते अडीच महिने.

"म्हणजे माझं लग्नच झालं नव्हतं," ती म्हणाली.

रेब नोखेमनी चष्मा काढला. "पोरी, ऐक. हे खरं असेल. पण बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची साक्ष धरत नाहीत, आणि स्वतःच्या वयाची तर नाहीच. आई असती तर गोष्ट वेगळी. आता तू हे गावात सांगितलंस तर दहा रब्बी दहा वर्षं भांडतील, आणि तू तोवर सत्तेचाळीसची होशील. मी कागद लिहितो. कागदावर कुणी भांडत नाही."

"तिला विचारलं होतं," झेल्दा म्हणाली. "मी वीस वर्षांची होते. माझ्यासमोर विचारलं होतं."

म्हाताऱ्याने चष्मा पुन्हा घातला. "लिहू ना?"

ती 'लिहा' म्हणाली.

तो कागद बारा ओळींचा असतो. कलमन, ज्याला तिमोफेइ म्हणतात, योसेफचा मुलगा. प्रत्येक अक्षर वेगळं, एकालाही दुसरं चिकटायचं नाही. लिहायला तास लागला. तेवढा वेळ तिमोफेइ आणि झेल्दा एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून होते.

"ती शेवटी एकटी होती का?" त्याने हळूच विचारलं. हे वाक्य त्याने त्यांच्या भाषेत जुळवलं, तुटक तुटक.

झेल्दाला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आंधळ्या म्हातारीचं डोकं विंचरलं होतं तिने, थुंकी पुसली होती, हिवाळ्यात तिचे पाय स्वतःच्या पोटाशी घेऊन झोपली होती. फेगा म्हणायची, तू आहेस म्हणून मी आहे. झेल्दाला ते कौतुक वाटायचं.

"नाही," ती म्हणाली. "मी होते."

शाई वाळली. साक्षीदारांनी सह्या केल्या. झेल्दाने दोन्ही हातांची ओंजळ केली. तिमोफेइने कागद वरून तिच्या ओंजळीत सोडला आणि रेब नोखेमनी शिकवलं तसं म्हणाला, की ही तुझी सोडचिठ्ठी, आजपासून तुला कुणाचाही हात धरायची मोकळीक आहे. त्याला शब्द जड जात होते. झेल्दाने मूठ मिटली, रीतीप्रमाणे चार पावलं चालून परत आली. बाहेर अगाफ्या खोकली. सगळे दचकले. पण रस्त्यावर कुणीच नव्हतं, तिला नुसता ठसका लागला होता.

परतीच्या वाटेवर चिखल वाळून धूळ झाला होता. झेल्दा गाडीत झोपत होती, उठत होती, पुन्हा झोपत होती. रेब नोखेमना भीती वाटली की ती आजारी आहे.

"रागावली असशील तिच्यावर," एकदा ते म्हणाले. "रागव. मेलेल्या माणसाला त्याने काही होत नाही, जिवंताला बरं वाटतं."

"रागवायला ताकद लागते, रेब नोखेम. गावी पोचल्यावर बघू."

"आणि ती तरी काय करणार होती?"

"काय करणार म्हणजे? खरं सांगायचं होतं." तिने तोंडावरची धूळ पुसली. "मग मी गेले असते. तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. मी गेले असते, हे तिला ठाऊक होतं."

"गेली असतीस?"

"त्याच दिवशी."

गावी पोचल्यावर तिने कागद रब्बींना दाखवला. पुन्हा कुणी वापरू नये म्हणून त्यांनी तो रीतीप्रमाणे फाडून ठेवला आणि तिला मोकळी झाल्याचा दाखला दिला. वयाची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. न्हाणघराची किल्ली आणखी तीन महिने तिच्याकडे होती, मग तिने ती दुसऱ्या एका विधवेला दिली. फेगाची खोली सोडून ती बोब्रुइस्कजवळ बहिणीकडे गेली. पुढच्या वर्षी तिथल्या एका विधुराने विचारलं. पुस्तकं बांधायचा, मोठी मुलं होती, बोलायचा कमी. ती हो म्हणाली. त्यांना मूल झालं नाही. दोघं पंधरा वर्षं नीट राहिली. एकदा त्याने पहिल्या लग्नाचं विचारलं तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, अडीच महिन्यांचंही. तो हातातलं कातडं खाली ठेवून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने तिच्यासाठी चहा केला.

या लग्नानंतर दोन वर्षांनी मेंडेलचं पत्र आलं. कुणीतरी चुगली केली होती. मेंडेलवर काही सिद्ध झालं नाही, तुतारीवाल्याने काही पाहिलं नाही असं शपथेवर सांगितलं. तिमोफेइला मात्र सहा महिने मठात ठेवलं, रोज उपदेश, रोज गुडघ्यांवर. आता तो परत मनोऱ्यावर आहे. गुडघे गेलेत, जिने चढायला वेळ लागतो. अगाफ्याने सलाम सांगितलाय. आणि तिमोफेइ विचारतो आहे, आई वारली तो दिवस कोणता, आपल्या पंचांगाने आणि त्यांच्याही.

झेल्दाला लिहिता येत नव्हतं. तिने नवऱ्याला बसवून उत्तर लिहून घेतलं. दोन्ही तारखा सांगितल्या. पहाटे गेली, फार त्रास झाला नाही, हेही सांगितलं. त्रास झाला होता.

"आणखी काही लिहायचंय?" नवऱ्याने विचारलं.

"गुडघ्यांना हंसाची चरबी चोळायला सांगा," ती म्हणाली. "गरम करून."